शेवंती, लावा आणि गव्हाचा चीक

ऑगस्टच्या शेवटी इथं चीनमध्ये एका पारंपरिक चित्रवर्गाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसले आणि दुसऱ्याच रकान्यात अडकले. तिथं ओळखपत्राचा १८ आकडी क्रमांक हवा होता. माझ्या पासपोर्टवर एक अक्षर आणि सात आकडे. तीनदा प्रयत्न केला, तीनदा लाल ओळ उमटली. शेवटी पासपोर्ट, निवास परवान्याची प्रत आणि पोलीस चौकीतून मिळालेली पत्त्याच्या नोंदणीची चिठ्ठी असे तीन कागद पिशवीत घातले आणि थेट तिथं जाऊन उभी राहिले. काउंटरवरच्या मुलीनं तिन्हींचे फोटो काढले, कुणाला तरी फोन लावला आणि वीस मिनिटांत वहीत हातानं माझं नाव लिहून घेतलं. १२ शनिवार, फी १,८०० युआन. चीनमध्ये अ‍ॅपनं नाही म्हटलं तरी माणूस नाही म्हणेलच असं नसतं. अर्ज अडला तर कागद घेऊन प्रत्यक्ष जा.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही हांगझोऊला आलो. कुटुंबीय म्हणून मिळालेल्या माझ्या परवान्यावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे पहिलं वर्ष भाषेशी झटण्यात गेलं. २०२४च्या शरदात इथल्या एका प्रदर्शनात उभ्या स्क्रोलवरची, म्हणजे गुंडाळून ठेवता येणाऱ्या चित्रपट्टीवरची, शेवंती पाहिली. चहाच्या रंगाचं रेशीम, त्यावर पांढरी फुलं, एकेक पाकळी सुटी. आमच्याकडे दसऱ्याला शेवंतीचे हार येतात, आजीच्या अंबाड्यावर शेवंतीची वेणी असायची. पण या फुलाकडे कुणी इतका वेळ बघत बसलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. असं एक चित्र स्वतः काढायचं आणि काचेत न बसवता रीतसर स्क्रोल करून घ्यायचं, असं तिथंच ठरवलं. त्याला पाच महिने लागले. मराठीत याबद्दल काही वाचायला मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

पहिला वर्ग ६ सप्टेंबर २०२५ला झाला. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत. सगळे त्यांना ‘लाओशी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडे शाळेत ‘बाई’ म्हणतो तसं. चित्राची पद्धत कुंगपी: आधी केसासारख्या रेषा, मग रंगाचे पातळ थर. पहिले चार शनिवार रंग उघडलाच नाही. पानाची शीर काढायला जो निमुळता ब्रश असतो तो सरळ उभा धरायचा, मनगट टेबलावर टेकवायचं नाही आणि रेष एका श्वासात ओढायची. शेवंतीची पाकळी दोन रेषांची. सगळ्यात पुढची पाकळी आधी, मग तिच्या आडून डोकावणारी, मग तिच्याही मागची. उलट क्रमानं गेलं की रेषा एकमेकींना कापतात आणि फुलाचा गुंता होतो. दुसऱ्या आठवड्यात माझा उजवा खांदा इतका दुखायला लागला की रात्री त्या कुशीवर झोपता येईना. तिसऱ्या आठवड्यात तो आपोआप थांबला.

कागदाची एक चूक मी केली, ती तुम्ही टाळा. शुआन कागद आन्हुइ प्रांतातला, छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा. तो दोन प्रकारचा मिळतो. कच्चा कागद पाणी पिऊन टाकतो, तो शाईच्या मोकळ्या फटकाऱ्यांसाठी. पक्क्या कागदावर सरस आणि तुरटीचं पाणी फिरवलेलं असतं, त्यामुळे रंग वरच राहतो, आणि कुंगपी कागदावर करायची तर तोच लागतो. मी कच्च्या कागदाचा १०० तावांचा गठ्ठा ९० युआनला आणला. पहिल्याच रेषेला सुरवंटासारखी लव फुटली. दुकानातच तावाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब पसरला तर कच्चा, मोत्यासारखा राहिला तर पक्का.

१ ते ८ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी, आणि तिची भरपाई म्हणून ११ तारखेचा शनिवार सरकारी कामाचा दिवस. म्हणजे दोन वर्ग गेले. सहा तारखेला इथला मध्यशरद उत्सव होता, आणि त्या वर्षी त्याच दिवशी आपली कोजागरी आली. बाल्कनीत मसाला दूध आटवलं, शेजारच्या आजींनी चंद्राच्या आकाराच्या मिठाईचा डबा दिला, त्यांना मी दुधाचा पेला दिला. त्या रात्री घरची आठवण फार आली आणि सोसलीही.

सुट्टीत लाओशींनी गृहपाठ दिला होता: फूरोंगचं झाड शोधायचं आणि एका दिवसात तीनदा तिथं जायचं. फूरोंग हे जास्वंदीच्या कुळातलं झुडूप, बंगालीत त्याला स्थलपद्म म्हणतात. १२ ऑक्टोबरच्या रविवारी मी वही घेऊन पश्चिम सरोवराच्या काठी गेले. सकाळी सातला फूल पांढरं होतं, धुतलेल्या मलमलीसारखं. दुपारी एकला त्याच फुलाच्या कडा गुलाबी झालेल्या. संध्याकाळी पाचला गेले तर ते गडद लाल होऊन मिटत आलं होतं, आणि शेजारची उद्याची कळी अजून हिरवी. चिनी लोक याच्या एका जातीला तीनदा झिंगणारी फूरोंग म्हणतात, जणू दिवसभर घोट घेत तिला लाली चढते. चित्रात मात्र तीनही वेळा एकदम आणता येत नाहीत, एक तास निवडावा लागतो. मी दुपार निवडली.

वर्गाच्या भिंतीवर एका जुन्या चित्राची प्रत टांगलेली आहे. सोंग राजवंशातला सम्राट ह्वेइझोंग, जन्म १०८२, मृत्यू ११३५, याच्या नावानं ओळखलं जाणारं ते चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. फूरोंगच्या फांदीवर सोनेरी रंगाचा फेजंट पक्षी बसलाय आणि त्याच्या भारानं फांदी वाकली आहे. वर कोपऱ्यात दोन फुलपाखरं, खाली डावीकडे शेवंतीची काही फुलं. बाजूला सम्राटाच्या खास सडपातळ अक्षरात चार ओळी. त्यांत फूरोंगला ‘हिमतुषार नाकारणारी’ म्हटलंय. मी त्या प्रतीसमोर दर शनिवारी दहा मिनिटं उभी राहायची. वर्णनं वाचून जे कळलं नव्हतं ते त्या वाकलेल्या फांदीनं कळलं: फुलं सुंदर काढणं हा अर्धाच भाग, त्यांच्यावर कशाचा भार आहे हे दिसायला हवं.

माझ्या चित्रात पक्षी कोणता घ्यायचा हे विचारलं तेव्हा लाओशी म्हणाल्या, “तू लावा घे.” कारण त्यांनी वहीत लिहून दाखवलं. चिनी चित्रांत वस्तू उच्चारावरून बोलतात. क्वेइहुआ या सुगंधी फुलातला ‘क्वेइ’ म्हणजे मानमरातब. फूरोंगमधला ‘रोंग’ म्हणजे वैभव. लाव्याला म्हणतात आनछुन, शेवंतीला च्यू. दोन्ही एकत्र आले की ‘आन-च्यू’ ऐकू येतं, म्हणजे सुखानं एका जागी राहणं. शेवंतीचा च्यू चढ्या सुरात आणि राहण्याचा च्यू सपाट सुरात म्हणतात, पण चित्रकारांना तेवढं साम्य पुरतं. खाली गळालेली पानं काढली की त्यांच्याही उच्चारावरून वाक्य पूर्ण होतं: सुखानं राहा, आपलं काम आनंदानं करा.

हे ऐकल्यावर काही दिवसांनी, १३ ऑक्टोबरच्या सोमवारी, मी निवास परवाना वाढवायला गेले. मुदत २० नोव्हेंबरला संपत होती, आणि मुदतीच्या ३० दिवस आधी अर्ज करावा लागतो, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. पासपोर्ट, नवऱ्याच्या कंपनीचं पत्र, विवाह प्रमाणपत्राचं साक्षांकित भाषांतर, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. माझ्या पत्त्याच्या चिठ्ठीवर जुन्या घराचा क्रमांक होता. आम्ही जुलैत त्याच संकुलात दुसऱ्या इमारतीत गेलो होतो आणि मी नव्यानं नोंद करायची विसरले होते. घर बदललं की २४ तासांत नोंद करायची असते. मला चौकीत परत जावं लागलं, तिथं समज मिळाली आणि नवी चिठ्ठी मिळाली. दुपारी पुन्हा रांगेत बसले होते, हातात अर्ज. त्यावर ठळक अक्षरांत ‘च्यू-ल्यू’, म्हणजे निवास. पहिलं अक्षर ओळखीचं होतं: लाव्याच्या चित्रातलं राहणं. अर्जाच्या त्या कोऱ्या कागदाकडे मी बराच वेळ बघत बसले. मग माझा नंबर पुकारला.

एक ते तीन वर्षांच्या परवान्याला ८०० युआन पडतात. पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो आणि हातात पावती मिळते. ती मी मोबाइलच्या कव्हरमध्ये नाही, घरातल्या डब्यात जपून ठेवली आणि ३ नोव्हेंबरला पासपोर्ट परत मिळेपर्यंत शहराबाहेर गेले नाही.

१८ ऑक्टोबरपासून रंग सुरू झाले. लाओशींच्या टेबलावरच्या डब्या बघताना मला मराठी शब्दच सुचत गेले. नीळ, गेरू, हिंगूळ. पांढरा पूर्वी शिंपल्यांच्या भुकटीचा असे. गुलाबी छटेची यान्झी पूर्वी करडईच्या फुलांपासून काढत. पिवळा थंगह्वांग म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातल्या झाडाचा वाळलेला चीक. तो विषारी असतो. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय चित्रकारांना असते, मलाही लागली होती. लाओशींनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि मोठ्यानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं. ब्रश तोंडात घालायचा नाही, कधीच नाही.

रंग भरताना उजव्या हातात दोन ब्रश धरतात. एकात रंग, दुसऱ्यात फक्त पाणी. पाकळीच्या मुळाशी रंग टेकवायचा आणि लगेच ब्रश फिरवून पाण्यानं तो टोकाकडे ओढत न्यायचा, जिथं तो संपतो ती जागा दिसता कामा नये. एक थर इतका फिका की आपण काही केलं की नाही असा प्रश्न पडावा. तो पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा. माझ्या पानांवर नीळ आणि पिवळा मिळून नऊ थर आहेत, कडांना शेवटी गेरू, कारण शरदातलं पान एकसारखं हिरवं नसतं. मधेमधे सरस-तुरटीच्या अगदी पातळ पाण्याचा हात देऊन खालचे थर पक्के करायचे. तुरटी जास्त झाली तर रेशीम काही वर्षांनी ठिसूळ होतं.

आणि पांढरी शेवंती. मला वाटलं होतं की वरून पांढरा लावायचा. लाओशींनी चौकट उलटी केली आणि रेशमाच्या पाठीमागून फुलाच्या आकारात पांढरा भरला. पुन्हा सुलट केल्यावर फूल आतून उजळलं होतं. पुढून फक्त पाकळ्यांच्या टोकांना दोन पातळ हात. मी तेव्हा काही बोलू शकले नाही.

१ नोव्हेंबरला लाओशींनी शेवंतीची कुंडी वर्गात आणली. नववा महिना, नववी तिथी हा इथला शेवंतीचा सण, तो त्या वर्षी २९ ऑक्टोबरला झाला होता. त्यांनी कवी थाओ युआनमिंगची गोष्ट सांगितली, सरकारी नोकरी सोडून गावी राहिलेला, कुंपणापाशी शेवंती खुडणारा, म्हणून हे फूल एकांतात समाधानी असणाऱ्यांचं. त्याच दिवशी माझं पहिलं रेशीम गेलं. पाण्याचा ब्रश जास्त भरलेला होता, फूरोंगच्या पाकळीवर थेंब पडला आणि वाळल्यावर गोल कडा उमटली. ती कशानं जाईना. पाच आठवड्यांचं काम होतं. नवं ताणलेलं रेशीम ९५ युआन, आणि रेषा पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा रेषा चार आठवड्यांऐवजी आठ दिवसांत झाल्या आणि आधीपेक्षा शांत आल्या. पाण्याचा ब्रश दर वेळी टिपकागदावर टेकवून मगच चित्रावर न्या.

चित्र ६ डिसेंबरला, शेवटच्या वर्गात पूर्ण झालं. ४५ सेंटिमीटर रुंद, ७० उंच. नावाचा दगडी शिक्का कोरून घेतला, १२० युआन. शिक्क्याची लाल लेप-शाई हिंगूळ, एरंडेल आणि दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या तंतूंची असते. ती वाळायला आठवडे लागतात, हे मला शिक्का मारून झाल्यावर कळलं. मढवायला नेण्याच्या बऱ्याच आधी शिक्का मारा.

चित्र झालं म्हणजे स्क्रोल होत नाही. पहिल्या दुकानात मला सांगितलं, दोन तास, १२० युआन, यंत्रावर. गोंदाचा पातळ पापुद्रा आणि उष्ण दाब. दिसायला छान असतं. पण पुढं कधी डाग पडला, कड फाटली तर चित्र त्या पापुद्र्यातून सुखरूप सोडवणं फार अवघड, हे लाओशींनी आधीच बजावलं होतं. दुसरा पत्ता त्यांनीच दिला. एक लांबट खोली, भिंतीवर उलटी चिकटवलेली आठ-दहा चित्रं, आणि पन्नाशीचे कारागीर. त्यांना सगळे ‘शिफू’ म्हणतात, आपल्याकडे मिस्त्री म्हणतात त्याच मानानं. हातानं मढवायचे ६८० युआन, पाच आठवडे.

शिफूंनी लगेच चित्र घेतलं नाही. ओल्या कापसाचा बोळा फूरोंगच्या कोपऱ्याला टेकवला. कापूस गुलाबी झाला. शिक्क्यालाही टेकवला, तिथंही लाल. “हे ओलं केलं की वाहील,” ते म्हणाले आणि चित्र गुंडाळून परत दिलं. मी लाओशींकडे गेले, दोन वेळा सरस-तुरटीचा हात दिला, दहा दिवस वाळू दिलं. २० डिसेंबरला बोळा पांढरा राहिला. परत पाठवलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, तपासून न घेणाऱ्या हातात चित्र देऊच नये.

त्या दिवशी शिफू मोकळे होते, त्यांनी काम बघू दिलं. चित्र पालथं घालून मागे खळ लावलेला कागद बसवतात आणि ताडवर्गातल्या झाडाच्या तंतूंच्या ब्रशनं तो दाबत नेतात. मग कडांना खळ लावून सगळं भिंतीवर ताणून चिकटवतात, एका कोपऱ्यात फट ठेवून आत फुंकर मारतात, म्हणजे मधला भाग भिंतीपासून सुटा राहतो. वाळलं की बांबूच्या पातीनं सोडवायचं, कापून काटकोनात आणायचं, चारी बाजूंनी रेशमी पट्ट्या जोडायच्या. वरची पट्टी मोठी, तिला आकाश म्हणतात, खालची लहान, ती जमीन. मग सगळ्याला मिळून पुन्हा पाठीमागे कागद आणि पुन्हा भिंत, या वेळी दोन-तीन आठवडे. शेवटी पाठीला मेण लावून गुळगुळीत दगडानं घोटतात, म्हणजे गुंडाळताना रंगावर घासत नाही. वर अर्धगोल काठी, खाली वजनदार गोल दांडी. हांगझोऊचा हिवाळा दमट, म्हणून घाई नाही. पावसाळी आठवड्यांत ते नवं काम भिंतीवर चढवतच नाहीत.

कोपऱ्यात एक मातीचं भांडं होतं, तळाशी पांढरा साका आणि वर पाणी. विचारलं तर म्हणाले, कणीक मळून पाण्यात धुवायची, चिवट गोळा काढून टाकायचा, खाली बसलेलं पांढरं तेवढं ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, मग उकळत्या पाण्यात शिजवून खळ. मी मोबाइलमध्ये शोधून त्यांना आमच्या सांगलीच्या गच्चीचा फोटो दाखवला, उन्हात वाळणाऱ्या कुरडया आणि शेजारी चिकाचं पातेलं. सासूबाई दर उन्हाळ्यात गहू भिजवून चीक काढतात तो हाच. शिफूंनी फोटो मोठा करून बघितला, मग विचारलं, हे खाता? हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं, की खळ गव्हाचीच हवी, कारण ती पाण्यानं सुटते. शंभर वर्षांनी कुणाला हे चित्र पुन्हा मढवायचं असेल तर त्याला ओलं करून सगळं अलगद सोडवता आलं पाहिजे.

२४ जानेवारीला स्क्रोल हातात आला. पुठ्ठ्याची लांब नळी ३५ युआन. शिफूंनी न विचारता एक सल्ला दिला. रेशीम चहाच्या रंगाचं, बघणाऱ्याला जुनं वाटू शकतं. १९११पूर्वीच्या जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. म्हणून बिल, त्याला इथं ‘फापिआओ’ म्हणतात, मागून घ्या आणि चित्र काढतानाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दांडीची टोकंही साध्या लाकडाची घ्या, हाडाची किंवा महाग लाकडाची नकोत. २८ तारखेला शांघायहून निघाले. खालची दांडी ६४ सेंटिमीटर, केबिन बॅगेत मावत नव्हती. विमान कंपनीला आधी ईमेल करून नळी हातात नेण्याची परवानगी छापून ठेवली होती, ती चेक-इनला दाखवावी लागली. सुरक्षा तपासणीत नळी उघडायला सांगितली. मी फोटो दाखवले, तपासनीस बाईंनी लाव्याकडे बोट दाखवून काहीतरी हसून म्हटलं आणि पुढं सोडलं. मुंबईत ग्रीन चॅनेलमधून आले, कुणी विचारलं नाही.

एकूण खर्च फी धरून साधारण ३,४०० युआन, म्हणजे ४२ हजार रुपयांच्या आसपास. त्यात फुकट गेलेला कागद आणि रेशीमही आलं. वेळ पाच महिने.

सांगलीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, “मागे काय लावलंय गं?” मी सांगितलं. त्यांनी चष्मा घातला, स्क्रोलची पाठ बोटानं हळूच चाचपली. “कुठं गुठळी नाही,” म्हणाल्या. “चीक चांगला शिजवलाय.” मग पुढून बघितलं, लावा, पानं, फूरोंग, आणि शेवंतीपाशी थांबल्या.

शरदातलं चित्र शरदातच टांगायचं, काही आठवडे, आणि मग सैलसर गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचं, अशी चीनमधली रीत. पावसाळ्यात तर भिंतीवर नकोच. त्या संध्याकाळी आम्ही ते तासभर बैठकीत टांगलं. मग सासूबाईंनी मऊ सुती धोतराच्या कापडाची पिशवी शिवली आणि ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. घटस्थापनेला काढायचं, असं कॅलेंडरवर त्यांनीच लिहून ठेवलंय.